गोलमागचे सात मीटर

व्रबिन्त्सी, १९ मार्च, संत योझेफचा दिवस

एलेमीर,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. ते तरी फोडशील अशी आशा आहे. नाही फोडलंस तर घाल चुलीत, मी काय करणार!

काल लुद्विक आला होता. हो, तोच. तुझ्या डाव्या हाताला खेळायचा, सगळे कॉर्नर मारायचा तो. आता क्लबचा अध्यक्ष झालाय आणि पोट एवढं सुटलंय की स्वतःचे बूट दिसत नाहीत त्याला. मी अंगणात बटाट्याचं बियाणं निवडत बसले होते. आला, टोपी काढली आणि म्हणाला, "विल्मा, वाईट वाटून घेऊ नकोस, पण एलेमीरशी फोनवर बोलणं झालंय. तो सही करतो म्हणाला."

म्हणजे लुद्विकचा फोन तू उचलतोस. सख्ख्या बहिणीचा नाही.

मला आधी कळेचना, कसली सही. मग त्याने खिशातून कागद काढला. यंदा आपला संघ पहिला येऊन वरच्या गटात गेला तर तिथला नियम असा आहे म्हणे की गोलच्या मागे सात मीटर जागा मोकळी हवी आणि मग कुंपण. आता आपल्या गोलच्या मागे काय आहे हे तुला मी सांगायला नको. आपला भाजीचा मळा आहे. लुद्विकने टेप लावून मोजलंसुद्धा, मी घरात असताना, मला न विचारता. मैदानाला लागून सात मीटर म्हणजे बरोब्बर तुझा अर्धा हिस्सा. माझ्या अर्ध्याला कोणी हात लावत नाही. माझी सही कोणी मागितलीच नाही.

अरे, तुझा अर्धा म्हणजे काय, ते विसरलास का? ओढ्याकडची ती काळी माती. माझ्या अर्ध्यात बटाटे आणि घेवडा येतो, बस्स. मिरची, टोमॅटो, कांदा, सगळं तुझ्यात. चौतीस वर्षं मी ती माती खणतेय, खत घालतेय, हातांनी दगड वेचतेय. तू या चौतीस वर्षांत एकदा आलास, आईच्या अंत्यविधीला, तोही मागच्या रांगेत उभा राहिलास आणि कॉफी न घेता परत ऑस्ट्रियात, ग्राझला. बाबांच्या वेळी तर तेवढंही नाही. आणि तरी बाबांनी तुझा हिस्सा तुझ्याच नावावर ठेवला, हे लक्षात असू दे.

त्या एका चेंडूसाठी तू बापाशी बोलणं टाकलंस. ठीक आहे, कामेन्त्सीशी शेवटचा सामना होता, चेंडू मळ्यात पडला आणि बाबा कुदळ घेऊन फाटकात उभे राहिले, कोणाला आत येऊ दिलं नाही. गाव अजून बोलतं त्यावर. पण म्हणून मातीवर राग काढायचा?

सध्या आपण तिसऱ्या नंबरावर आहोत. लुद्विकला म्हटलं, आधी वर जाऊन दाखवा, मग सात मीटर मागा. तो म्हणाला, कागद वीस जूनच्या आत द्यायचाय. मी म्हटलं, दे की, कागदाला काय धाड भरलीय. तो गेल्यावर निम्मं बियाणं चुकीच्या टोपलीत टाकलं मी.

सही करू नकोस. एवढंच म्हणायचं होतं.

विल्मा


व्रबिन्त्सी, १६ एप्रिल

एलेमीर,

महिना झाला. उत्तर नाही. मूग गिळून बसायची ही सवय तुझी लहानपणापासूनची आहे. आईने विचारलं, जामची बरणी कोणी फोडली, की तू छताकडे बघायचास आणि मार मी खायचे.

कांदे लावले. वाटाणा वीतभर आलाय. वीज मंडळाच्या खांबावर करकोचे परत आले, यंदा नर आधी आला आणि आठवडाभर एकटाच चोच आपटत बसला होता. तुझी आठवण झाली, खोटं कशाला सांगू.

आता तुझ्या लाडक्या क्लबाचं ऐक. पाच सामने ओळीने जिंकलेत! मी इतकी वर्षं बघतेय, हे लोक ओळीने दोन जिंकले की तिसऱ्याला दारू पिऊन मैदानात यायचे. यंदा काय अंगात आलंय कोण जाणे. दुसऱ्या नंबरावर आलोत. पुढे फक्त कामेन्त्सी. हो, तेच कामेन्त्सी, दुसरं कोण असणार आपल्या नशिबात.

मी सामने बघत नाही. मळ्यात बादली उलटी घालून तिच्यावर बसते, मैदानाकडे पाठ करून, आणि खुरपते. ऐकू येतं ते येतं. गेल्या रविवारी आपल्याला पेनल्टी मिळाली आणि त्या मुडद्याने गोलवरून मारली, थेट माझ्या कांद्यांत. मी उठून ओरडले, "अरे गाढवा, खाली मारायची असते!" आणि मग स्वतःचीच जीभ चावली. ते हरले तर माझा मळा वाचतो, एवढं साधं गणित आहे, आणि माझं तोंड मात्र त्यांच्या बाजूने उघडतं. अंगाचा नुसता तिळपापड होतो माझ्या स्वतःवरच.

चेंडू मी परत देत नाही. हा माझा नवा कायदा. मळ्यात आला की कोठारात, कुलूप लावून, किल्ली एप्रनच्या खिशात. सात झालेत आतापर्यंत. आपला गोलकीपर बेन्यामिन, एवढा सहा फुटी गडी, कुंपणापाशी येऊन लहान पोरासारखा म्हणतो, "विल्माकाकू, चेंडू द्या ना." मी म्हणते, "आधी अध्यक्षाला पाठव माफी मागायला. टेप लावून मोजताना विचारलं होतं का काकूला?" अध्यक्ष काही येत नाही. नाकाने कांदे सोलायचे असतात ना त्याला.

तू मात्र एक ओळ लिही. शिवी दिलीस तरी चालेल.

विल्मा


व्रबिन्त्सी, ७ मे

एलेमीर,

लिहिलंस. चौतीस वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, आणि काय लिहिलंय तर दोन ओळी. "तू त्या दिवशी मळ्यात होतीस. बाबांनी चेंडू का ठेवून घेतला, एवढं सांग. मग बघतो सहीचं."

ना तारीख, ना कशी आहेस, ना काही. पाकीट दोनदा उलटं करून झटकलं मी.

बरं, विचारतोस तर सांगते. त्याआधीच्या अर्ध्या तासात तुमची पोरं तीनदा कुंपण ओलांडून आली होती. कांद्यांचा अख्खा वाफा तुडवला होता. बाबांचं डोकं फिरलं. माणसाचं फिरतं कधी कधी. झालं, एवढंच कारण. आता त्यात काही शोधत बसू नकोस, आणि सही करू नकोस.

दुसरी गोष्ट ऐक, ही महत्त्वाची आहे. मी सगळी रोपं आजच लावून टाकली. साठ मिरचीची आणि तीस टोमॅटोची, सगळी तुझ्या अर्ध्यात, कुंपणापर्यंत.

तू आता कपाळाला हात लावशील. ठाऊक आहे मला, बर्फाचे संत, रात्री हिम पाडणारे मे महिन्यातले ते चार दिवस, अजून गेलेले नाहीत. पान्क्रात्सी, सेर्वात्सी, बोनिफात्सी आणि त्यांच्या मागून पाऊस घेऊन येणारी ती मुतरी झोफ्का, बाबा म्हणायचे तशी. पंधरा मेच्या आधी टोमॅटो बाहेर काढला तर बाबा आठवडाभर बोलायचे नाहीत. पण मी विचार केला, उभ्या पिकात या गावात आजवर कोणी खोदायचं यंत्र घातलेलं नाही. लुद्विक कितीही निर्लज्ज असला तरी फुललेल्या मिरचीवर कुंपणाचे खांब रोवणार नाही. क्लब उद्या यंत्र आणायच्या आत आपलं पीक उभं हवं. म्हणून लावली. शेजारची इलोन्का कुंपणावरून बघत होती. म्हणाली, "अगं विल्मा, वेड लागलंय का तुला? अजून संत यायचेत!" मी म्हटलं, संतांचं मी बघून घेईन, तू तुझ्या कोंबड्या बघ.

हवा छान आहे. दुपारी तर बाह्या वर कराव्या लागल्या. काही होत नाही.

सामना? जिंकले. अजून चार राहिलेत.

विल्मा


व्रबिन्त्सी, १४ मे, बोनिफात्सीचा दिवस

एलेमीर,

हसायचं असेल तर हस.

परवा पान्क्रात्सी नुसता ढगाळ गेला. मी इलोन्काला म्हटलं, बघ. काल सेर्वात्सीच्या दिवशी दुपारी आभाळ स्वच्छ झालं, वारा पडला आणि चारच्या सुमाराला गालाला तो गारवा लागला, तुला माहितेय कसला. घरातल्या सगळ्या चादरी काढल्या, आईची ती लग्नातलीसुद्धा. बादल्या, पातेली, भोपळ्याच्या तेलाचे रिकामे डबे, जे हाताला लागेल ते रोपांवर पालथं घालत सुटले. वीसेक रोपं झाकली असतील. सत्तर उघडी. मी वाफ्यात खाली बसले आणि रडले. रागाने रडले, दुसऱ्या कशाने नाही. सगळा माझाच गाढवपणा होता आणि शिव्या घालायला समोर कोणी नव्हतं.

मैदानावर सराव चालला होता. थांबला. थोड्या वेळाने फाटक वाजलं. बघते तर लुद्विक पुढे आणि मागे अख्खा संघ, सगळ्यांच्या खांद्यावर एक लांबलचक हिरवं गुंडाळलेलं. गावजत्रेच्या तंबूचं कापड! ज्याच्याखाली दर ऑगस्टमध्ये आपण नाचतो आणि कढईतला बोग्राच रस्सा खातो, ते.

"उठ," लुद्विक म्हणाला. "घेवड्याचे खांब कुठे ठेवलेत?"

"मी कोणाला बोलावलं नव्हतं."

"इलोन्काने बोलावलं. खांब कुठेत, विल्मा? दिवस मावळला की मग बोंबलत बसशील."

काय करणार, दाखवले खांब. अर्ध्या तासात त्या लोकांनी मांडव उभा केला, कडा दगडांनी दाबल्या. एकानेही रोपावर पाय दिला नाही. बेन्यामिन तर बूट काढून फिरत होता, एवढाले त्याचे पाय.

मी लुद्विकला म्हटलं, "हे कशाला वाचवतोस? मेली असती तर तुझंच काम सोपं झालं असतं. तुझ्या यंत्राच्या आडवं यावं म्हणून तर लावलीत मी."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "यंत्र? यंत्र ऑक्टोबरात येणार आहे. पीक निघाल्यावर. आम्ही काय रानटी आहोत का? वीस जूनला फक्त कागद जायचाय." मग हसायला लागला मेला, पोट धरून. "म्हणजे यासाठी तू संतांच्या आधी रोपं लावलीस? तुझे बाबा असते तर!"

बाबांचं नाव त्याने घेतलं तेव्हा हसणं थांबलं त्याचं.

सकाळी सगळीकडे पांढरं होतं. कडेचे टोमॅटो काळे पडले, पंधरा-सोळा गेले. मिरची वाचली, साठच्या साठ. आता सांग, अशा माणसाला मी काय म्हणू? उपकार करून ठेवतो आणि त्याच हाताने जमीन मागतो. धड भांडताही येत नाही. चेंडू मात्र परत दिले नाहीत मी. आठ आहेत.

विल्मा


व्रबिन्त्सी, २९ मे

तुझं दुसरं पत्र मिळालं.

"बाबांनी आयुष्यात कधी कांद्यासाठी कोणाला दुखावलं नाही. खरं सांग, नाहीतर मी वीस तारखेच्या आत सही करतो."

वा! धमकी देतोस मला? थोरल्या बहिणीला? बाबांबद्दल तुला आता एवढं कळायला लागलं? शेवटच्या आठवड्यात दार वाजलं की ते उशीवरून मान वळवायचे, दरवेळी. दूधवाला आला तरी. तेव्हा कुठे होतास तू, बाबा कसे होते आणि कसे नव्हते हे सांगणारा?

खरं, खरं! खरं ऐकून काय करणार आहेस? चौतीस वर्षांचं काय लोणचं घालणार आहेस त्याचं?

कर सही. जा, कर.

(हे पत्र मी दोन दिवस टाकलं नाही. आता टाकतेय. सही करू नकोस. दोन सामने राहिलेत. शेवटचा अकरा जूनला आपल्याच मैदानावर आहे, कामेन्त्सीशी. रविवारच आहे आणि तारीखही तीच, तेव्हाचीच. गावात सगळे तेच बोलतात आणि मी दुकानात शिरले की गप्प होतात.)

विल्मा


व्रबिन्त्सी, १२ जून

एलेमीर,

निकाल तुला लुद्विकने कळवला असेल. तरी मी सगळं पहिल्यापासून सांगते, मध्ये सोडून देऊ नकोस. या पत्राबरोबर एक खोका आहे, तो शेवटी उघड.

शनिवारी बेन्यामिन आला होता. म्हणाला, "काकू, क्लबाकडे तीनच चेंडू उरलेत. उद्यापुरते तरी द्या." मी म्हटलं, अध्यक्ष कुठाय? तो म्हणाला, अध्यक्ष म्हणतात, तिची मर्जी. मी किल्ली दिली नाही.

काल सगळं गाव आलं होतं, कामेन्त्सीवाले दोन बस भरून. त्यांचे एकोणपन्नास गुण, आपले अठ्ठेचाळीस. आपल्याला जिंकायलाच हवं होतं, त्यांना बरोबरी पुरत होती. मी बादलीवर बसले, पण काल तोंड मैदानाकडे केलं. नाटक पुरे झालं म्हटलं. पहिल्या अर्ध्यात त्यांनी गोल केला. दुसऱ्यात आपण फेडला. ओढा पावसाने भरलाय, दोन चेंडू त्यात वाहून गेले. राहिला एक.

चार मिनिटं उरली होती. आपल्या पोराने जोरात मारला, त्यांच्या माणसाच्या पायाला लागून तो उडाला आणि गोलवरून, कुंपणावरून आला. कॉर्नर आपला. आणि चेंडू मिरच्यांत, माझ्यापासून तीन पावलांवर.

मी उठले आणि उचलला. रेफरी घड्याळाकडे बोट दाखवत होता. यजमानांनी चेंडू पुरवला नाही तर सामना तिथेच संपतो, हा नियम तुला मी सांगायचा? एलेमीर, मी खरं सांगतेय, माझ्या मनात आलं. पाच मिनिटं नुसती उभी राहिले असते तर मळा वाचत होता. तुझ्या सहीला काही अर्थच उरला नसता. मी चेंडू छातीशी धरून उभी होते.

लुद्विक कुंपणापाशी आला. ओरडला नाही. हळूच म्हणाला, "विल्मा. पुन्हा नको."

पुन्हा.

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं, तो माझ्याकडे बघत होता, आणि मला कळलं की याला ठाऊक आहे. चौतीस वर्षं ठाऊक आहे.

मी चेंडू टाकला. कुंपणावरून, दोन्ही हातांनी, होता नव्हता तेवढा जोर लावून. आपल्या पोरांनी कॉर्नर मारला, गर्दीतून कोणाचं तरी डोकं लागलं आणि गोल झाला. दोन-एक. सगळे वेड्यासारखे कुंपण ओलांडून माझ्याकडेच धावले. मिरची चुकवली, पण सॅलडचा वाफा पार गेला. मी ओरडले नाही असं समजू नकोस. मला उचलत होते तेव्हासुद्धा ओरडत होते.

गर्दी पांगल्यावर मी लुद्विकला विचारलं, "तुला कसं ठाऊक?"

"कॉर्नर मारायला मीच उभा होतो ना तेव्हा. चेंडू कुठे पडला आणि कोणी उचलला, मला सरळ दिसत होतं."

"मग बोलला का नाहीस? एलेमीरला का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होतो. तुझ्या बाबांनी माझ्याकडे बघितलं," तो म्हणाला. "त्यांच्या त्या नजरेपुढे मला नाही बोलता आलं."

तर आता ऐक. चेंडू बाबांनी घेतला नव्हता. मी घेतला. बाबा ओढ्याकडच्या टोकाला होते. मी तो शेणखताच्या ढिगात खोल दाबला आणि वर फावडंभर टाकलं. बाबांनी बघितलं. तू कुंपणापाशी येऊन ओरडत होतास, "चेंडू द्या, चेंडू!" मी पुढे व्हायला हवं होतं. मी फावडं धरून तिथेच उभी राहिले. बाबाच कुदळ घेऊन फाटकात गेले आणि म्हणाले, "चेंडू माझ्याकडे आहे. देणार नाही." रेफरीने वाट बघितली आणि सामना संपल्याची शिट्टी मारली. तू बाबांना जे बोललास ते त्यांनी ऐकून घेतलं, डोळे खाली घालून.

का केलं, विचारशील. अक्रोडाखाली तो ग्राझच्या मोठ्या क्लबचा माणूस उभा होता ना, वही घेऊन. गावात सगळे म्हणत होते, आज जिंकले की एलेमीरला तो घेऊन जाणार. आईचं दुखणं, बाबांचं वय, मळा, सगळं माझ्या गळ्यात पडणार होतं. हे एक. आणि दुसरं, जे मी कधी कोणाजवळ बोलले नाही, मला तू जायला नको होतास. तुझ्याशिवाय या घरात हसणारं कोणी नव्हतं. पंचवीस वर्षांची घोडी मी, आणि लहान पोरीसारखा चेंडू लपवला.

आणि तू गेलासच. आठवड्याच्या आत, त्याच ग्राझला. फक्त खेळायला नाही, फरशांच्या कारखान्यात. तुझा खेळ मी खाल्ला आणि तुला ठेवूही शकले नाही.

त्या संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, मी सांगते त्याला. ते म्हणाले, "नको. त्याचा राग माझ्यावर असू दे. निवेल वर्षभरात. तुमचं दोघांचं बिघडलं तर आमच्या मागे तुम्हाला कोण आहे?" वर्षभरात! दरवर्षी मी म्हणायचे, यंदा लिहिते. मग ते गेले आणि त्यानंतर लिहायला मला तोंड राहिलं नाही. मार्चपासून तुला शिव्या घालतेय त्या कोणाला होत्या, आता तुला कळलं असेल.

खोक्यात तो चेंडू आहे. शेणखतातून आठवड्याने काढला आणि धुतला, पण एका बाजूचा डाग गेला नाही. हवा केव्हाच गेली. बियाण्याच्या बरण्यांमागे ठेवला होता. बाकीचे नऊ आज सकाळी बेन्यामिनला देऊन टाकले, किल्लीसकट.

वीस तारखेला अजून आठ दिवस आहेत. मळा वाचवायला हे लिहीत नाहीये. सात मीटर क्लबच्या नावावर करायचे तर कर, मी एक शब्द बोलणार नाही. लुद्विक म्हणतो, कुंपण हिरवं लावू. लावू दे मेल्याला. पण तो राग बाबांच्या नावावरून काढ, एलेमीर. माझ्या नावावर कर. त्यांची कबर फाटकातून तिसरी, आईच्या शेजारी. तुला ठाऊक नाही म्हणून सांगते.

मिरची यंदा चांगली धरणार आहे. ऑगस्टच्या मध्यावर लाल होईल. ती तुझ्या अर्ध्यातली आहे, मी तिला हात लावणार नाही. येऊन तोड. नाहीतर झाडावर सडू दे.

विल्मा